गावचा प्रश्न विधानसभेत जातो कसा, अन् त्याचं उत्तर येतं कुठून

प्रश्न विचारणारा भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात नव्यानं ग्रामपंचायत सदस्य झालाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आमचे आमदार अधिवेशनात उभं राहून बोलतात, व्हिडिओ गावच्या ग्रुपवर येतात, लोक खूश होतात, पण गावात काहीच हलत नाही. आरोग्य उपकेंद्राची बिल्डिंग बांधून तीन वर्षं झाली, अजून कुलूप आहे. सभागृहात बोलून खरंच काही होतं का, अन् होत असेल तर आमच्या गावाचा प्रश्न तिथं न्यायचा कसा?

भाऊ, मी बावीस वर्षं आमदारांकडे पीए म्हणून काम केलं. तीन आमदार, दोन वेगवेगळे पक्ष, तिघंही कास्तकाराच्या घरातले. प्रश्न लिहायचे, लक्षवेधी लिहायच्या, भाषणाचे मुद्दे काढायचे, अन् अधिवेशन संपलं की आलेली उत्तरं बॅगेत घेऊन झेडपी, कलेक्टर ऑफिस, मंत्रालय असं हिंडायचं, हेच काम होतं. त्यामुळे जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

सभागृहात बोलून काम होतं, हे आधीच सांगून टाकतो. मी स्वतः होताना पाहिलंय. पण तुमच्या ग्रुपवर जे व्हिडिओ येतात ते बहुतेक वेळा औचित्याच्या मुद्द्याचे असतात, नाहीतर पुरवणी मागण्यांवरच्या नाहीतर बजेटवरच्या चर्चेतलं भाषण असतं. औचित्याच्या मुद्द्यात आमदार उभा राहतो, दोन मिनिटात विषय मांडतो अन् बसतो, मंत्री तिथल्या तिथं उत्तर देत नाही. भाषणाचंही तेच. मंत्री शेवटी सगळ्या चर्चेला मिळून एक उत्तर देतो, त्यात पन्नास आमदारांनी घेतलेली शे-दोनशे गावं असतात, तुमच्या गावाचं नाव त्यात येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हे बोलणं फुकट जातं असं मी म्हणणार नाही, विषय कार्यवाहीत छापला जातो, पुढं कामी येतो. पण सरकार त्यानं बांधलं जात नाही. सरकारला बांधायचं असेल तर तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा असल्या आयुधांकडे जावं लागतं. तारांकित प्रश्नाला छापील उत्तर येतं अन् त्यावर उभं राहून उपप्रश्न विचारता येतो. अतारांकितला फक्त लेखी उत्तर, उपप्रश्न नाही, पण कागद हातात येतो. लक्षवेधी नियम १०५ खाली, तातडीच्या विषयाला, मंत्र्याला निवेदन करावं लागतं अन् आमदार त्याला तिथंच प्रश्न विचारतात. आधीच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर नियम ९४ खाली अर्धा तास चर्चा मागता येते. कर्जमाफी, पीकविमा, ओला दुष्काळ असले मोठे विषय नियम २९३ च्या चर्चेत येतात. अन् बजेट अधिवेशनात कपात सूचना म्हणून एक प्रकार असतो, खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा असं म्हणून आपल्या गावाचं गाऱ्हाणं मांडायचं. नवीन आमदार तिकडं फारसं लक्ष देत नाहीत, पण रस्त्याच्या, शाळाखोल्यांच्या कामाला मी ती फार वापरली.

आता जी गोष्ट लोकांना माहीतच नसते ती सांगतो. मंत्र्याचं उत्तर लिहितं कोण?

आमदारानं प्रश्न टाकला की तो विधानमंडळ सचिवालयात जातो. तिथं नियमात बसतो का ते बघतात, म्हणजे विषय राज्य सरकारच्या हातातला आहे का, कोर्टात चालू आहे का, प्रश्नाच्या नावाखाली नुसते आरोप केलेत का. तिथून मंत्रालयातल्या विभागाकडे, विभागाकडून कलेक्टरकडे नाहीतर झेडपीच्या सीईओकडे, तिथून उपविभागाला, तिथून तालुक्याला, अन् शेवटी तो येऊन पडतो तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या नाहीतर ज्युनिअर इंजिनिअरच्या टेबलावर. ऑफिसात याला एलएक्यू म्हणतात. एलएक्यू आला म्हटलं की बाकीची कामं बाजूला, आजच्या आज माहिती पाठवा असा वरून फोनावर फोन. मग तो माणूस हाताशी जे असेल त्यावरून चार ओळी लिहून पाठवतो, अन् त्याच चार ओळी प्रत्येक टेबलावर थोड्या साफसूफ होत होत मंत्र्याच्या हातात पोचतात. म्हणजे तुमचं काम ज्या टेबलावर अडलंय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच टेबलावरून निघतं. खालचा माणूस सगळा खोटारडा असतो असं अजिबात नाही, मी कितीतरी चांगली माणसं पाहिली. पण स्वतःच्याच कामात चूक झाली हे दोन दिवसांत लिहून द्या म्हटलं तर कोण देईल.

छापील उत्तरं ठरलेल्या भाषेत येतात. होय, हे खरे आहे. हे अंशतः खरे आहे. नाही. प्रश्न उद्भवत नाही. कार्यवाही सुरू आहे. यातलं "प्रश्न उद्भवत नाही" सगळ्यात घातक, कारण प्रश्नाच्या पहिल्या भागाला "नाही" आलं की पुढचे सगळे भाग आपोआप गळतात. आमदारानं सभागृहात कितीही आवाज चढवला तरी मंत्री छापील उत्तराकडं बोट दाखवून मोकळा होतो. म्हणून माझी सगळी मेहनत पहिल्या भागावर असायची, तो असा लिहायचा की खालच्या टेबलाला "नाही" लिहिताच येऊ नये.

हे मी एका चुकीतून शिकलो. पैनगंगेच्या खोऱ्यातलं एक गाव, नाव नाही सांगत. गावाच्या अलीकडं नाला, नाल्यावर बुटका रपटा. २०१३ चा पावसाळा आठवत असेल तुम्हाला, विदर्भात पाणी थांबायलाच तयार नव्हतं, त्या वर्षी हा रपटा दिवसचे दिवस बुडालेला राहायचा. एका तेरवीत त्या गावची माणसं भेटली, एका बाईला बाळंतपणासाठी बाजेवर टाकून नाल्यातून काढलं ते सांगितलं, मला फार लागलं ते. त्याच रात्री मी प्रश्न लिहून काढला, त्यांनी जे गावाचं नाव सांगितलं तेच टाकलं, सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना उद्देशून. उत्तर आलं: "(१) नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." झालं काय होतं तर, लोक ज्याला गाव म्हणतात त्या नावाचा मौजा महसूल नोंदीत नव्हताच, नोंदीत दुसरंच जुनं नाव होतं. शिवाय रस्ता बांधकाम खात्याचा नव्हता, ग्रामीण मार्ग होता, म्हणजे झेडपीचा, म्हणजे प्रश्न ग्रामविकासकडे जायला पाहिजे होता. उत्तराचा कागद घेऊन मला गावात जावं लागलं. देवळाच्या ओट्यावर वाचून दाखवला. एक म्हातारबा ऐकत होते, ते एवढंच म्हणाले, "मंग आमी राह्यतो कुठं, सायेब?" मला काही बोलता आलं नाही.

त्यानंतर पुढच्या वर्षभर त्या एका प्रश्नाची तयारी केली. तलाठ्याकडून मौजाचं नोंदीतलं नाव घेतलं, झेडपीच्या बांधकाम विभागातून ग्रामीण मार्गाचा नंबर घेतला. शाळा नाल्याच्या या बाजूला होती अन् अकरा लेकरं पलीकडून यायची, तर मुख्याध्यापकांना विनंती करून जुलै-ऑगस्टचा हजेरीपट पाहिला. त्या अकरा लेकरांची गैरहजेरी एकाच दिवशी, सगळ्यांची मिळून, अशी दोन महिन्यात तेवीस दिवस होती. बाकी वर्ग हजर, हे अकरा गैरहजर. गावातल्या पोरांनी रपट्याचे फोटो काढून ठेवले होते, त्यावर तारीख होती, तारखा हजेरीपटाशी जुळल्या. ग्रामसभेचा ठराव घेतला. मग प्रश्नाचा पहिला भाग असा झाला: अमुक मौजा, अमुक तालुका, ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक, यावरील रपटा पाण्याखाली गेल्याने जुलै व ऑगस्ट महिन्यात तेवीस दिवस अकरा विद्यार्थी शाळेत जाऊ शकले नाहीत, हे खरे आहे काय. आता याला "नाही" लिहायचं तर हजेरीपट खोटा म्हणावा लागला असता. उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे." आमदारसाहेबांना मी सांगून ठेवलं होतं, भाषण करू नका, एकच उपप्रश्न विचारा, अंदाजपत्रक किती दिवसांत तयार होईल. त्यांनी तेवढंच विचारलं. मंत्र्यांनी सांगितलं तीन महिन्यात. हे रेकॉर्डवर आलं. पूल व्हायला त्यापुढं दोन उन्हाळे गेले, मधे पैसा ३०५४ मधून घ्यायचा का ५०५४ मधून (रस्ते-पुलांची बजेटमधली दोन वेगळी खाती) यावर फाईल सहा महिने फिरली, पण दर वेळी फाईल थांबली की मी त्या उत्तराचं छापील पान पुढं ठेवायचो, अन् ती हलायची.

याच्यात आमदारानं सभागृहात जो वेळ घेतला तो मिनिटभराचा असेल. त्याचा व्हिडिओ कोणी टाकला नाही.

दुसरी अडचण आपल्याकडं खास आहे, ती शब्दांची. विदर्भाचा महसूल कारभार घडला मध्यप्रांत-वऱ्हाडात, १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. त्यामुळे आपल्या नोंदीत निस्तार (गावाचे चराईचे, जळतणाचे हक्क) आहे, मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांनी बांधलेले) आहेत, झुडपी जंगल आहे, अन् मंत्रालयातल्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागतात. झुडपी जंगलाचंच घ्या. नावात जंगल आहे, पण जुन्या नोंदीत ही गावची पडीक, झुडपं उगवलेली जमीन, ढोरं चारायला, जळतण आणायला ठेवलेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यात मिळून ८६ हजार हेक्टरच्या वर. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला अन् या जमिनीवर काहीही करायचं तर केंद्राची परवानगी लागायला लागली. शाळा, स्मशानभूमी, घरकुल, पाण्याची टाकी, सगळं अडलं. कुठं कुठं तर लोक पिढ्यानपिढ्या राहतात त्याच जागेचा पट्टा मिळेना. पूर्व विदर्भातले आमदार, कोणत्याही पक्षाचे असोत, हा विषय वर्षानुवर्षं दर अधिवेशनात मांडत आले, अन् दर वेळी पहिली पाच मिनिटं झुडपी म्हणजे काय हे सांगण्यातच जायची. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, झुडपी ही वनजमीनच धरली, पण १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्या जमिनी वाटल्या गेल्या त्यांच्यासाठी राज्यानं केंद्राकडे मंजुरी मागायची वाट मोकळी ठेवली. म्हणजे आता या सहा जिल्ह्यातल्या आमदारानं "झुडपीचा प्रश्न सोडवा" असं भाषण करण्यात अर्थ उरला नाही. आता विचारायचं ते हे: आमच्या तालुक्यातले किती प्रस्ताव तयार झाले, किती केंद्राकडे गेले, कोणत्या तारखेला गेले, कशासाठी परत आले. तुमच्या ओळखीचं कोणी त्या भागात असेल तर त्याला हे नक्की सांगा, कारण गावचा प्रस्तावच गेला नाही तर निकाल कितीही चांगला असला तरी त्या गावाला काही मिळणार नाही.

असंच पांदणीचं (शेतरस्त्याचं), रोह्याचं, धुऱ्याचं (बांधाचं). मी आमदारांना नेहमी सांगायचो, सभागृहात वऱ्हाडीत बोला, बिनधास्त बोला, आपल्या माणसाला ऐकून बरं वाटतं अन् आपली भाषा काही कमी नाही. पण लेखी प्रश्नात मात्र कायद्यातला शब्द टाका. बोलताना रोही म्हणा, लिहिताना नीलगाय.

आकड्यांचं बळ काय असतं ते पाहायचं असेल तर बी. टी. देशमुख सरांचं काम बघा. अमरावती पदवीधर मतदारसंघातून तीस वर्षं विधान परिषदेत होते. अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिल्याची तूट, हा शब्द आज आपण सगळे सहज वापरतो. १९८४ च्या दांडेकर समितीनं सगळ्या राज्याचा मिळून ३,१८६ कोटींचा अनुशेष मोजला, त्यातला ३९ टक्क्यांच्या आसपास एकट्या विदर्भाचा. त्यापुढं सिंचनाचा अनुशेष किती भरला, कोणत्या वर्षी किती पैसा ठरला अन् किती दिला, हे सर सरकारच्याच कागदातून काढून सरकारपुढं ठेवायचे. मी या कामात नवशिका असताना गॅलरीत बसून ऐकलंय. आवाज मोठा करायची गरज पडत नव्हती. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ ला विदर्भ विकास मंडळ आलं तेव्हा असे आकडे मिळायची एक हक्काची जागा होती, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. तेव्हापासून आमदारांच्या ऑफिसला हे आकडे स्वतः गोळा करावे लागतात, अन् खरं सांगायचं तर फार कमी ऑफिसात तेवढी माणसं आहेत. हे मला मनापासून खटकतं.

आता आश्वासनाबद्दल, कारण तुमचा खरा राग मला वाटतं यावर आहे, "बोलतात पण होत नाही." २०१७ ची गुलाबी बोंडअळी तुमच्या घरानंही सोसली असेल. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात आधी फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, अन् मग हाताशी आलेली पऱ्हाटी बोंडअळीनं खाल्ली. कास्तकारांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातले, ढोरं सोडली. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन, विदर्भातल्या आमदारांनी विषय लावून धरला, अन् सरकारनं सभागृहात घोषणा केली: कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५०० रुपये. गावागावात पेढे वाटले गेले. पण त्या आकड्याची फोड कोणी नीट पाहिली नाही. कोरडवाहूच्या ३०,८०० मधे ६,८०० आपत्ती निधीतले, ८,००० पीकविम्याचे अन् १६,००० बियाणं कंपन्यांकडून घेऊन द्यायचे होते. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा सरकारच्या हातात नव्हताच, कंपन्यांच्या वाट्याचा पैसा वादात अडकला, अन् विमा ज्यानं काढला त्यालाच मिळणार होता. लोक अजून विचारतात, तीस हजाराचं काय झालं. त्या दिवशी सभागृहात कोणी एकच उपप्रश्न रेटला असता, की कंपन्यांनी नाही दिले तर सरकार स्वतः देईल का, होय का नाही, तर निदान लोकांना तेव्हाच कळलं असतं की पदरात नेमकं किती पडणार.

म्हणून आश्वासन ऐकलं की तीन गोष्टी वहीत लिहायच्या: पैसा कोणत्या खात्यातून, किती दिवसांत, अन् जबाबदार कोण. सभागृहात मंत्र्यानं "करण्यात येईल", "तपासून घेऊ", "चौकशी केली जाईल" असं काही म्हटलं की ते आश्वासन धरतात, अन् त्यासाठी विधानमंडळाची वेगळी आश्वासन समिती असते. आश्वासन ९० दिवसांत पुरं व्हावं असं अपेक्षित असतं, नाही झालं तर समिती खात्याच्या सचिवाला बोलावून विचारू शकते. पण समितीपुढं तुमचंच आश्वासन वर यावं असं वाटत असेल तर आमदारानं पत्र द्यावं लागतं, अन् आमदारानं पत्र द्यावं म्हणून तुम्ही त्याच्या मागं लागावं लागतं. आपल्या लोकांची चूक इथं होते. अधिवेशनाआधी पन्नास माणसं आमदाराच्या दारात असतात, अधिवेशनानंतर उत्तराचं काय झालं हे विचारायला मी एका हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच माणसं पाहिली.

चांगलंही सांगतो. धानवाल्या जिल्ह्यांच्या आमदारांनी बोनसचा विषय कधी सोडला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पक्ष वेगळे पण डिसेंबर आला की सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी. २०२२ च्या नागपूर अधिवेशनात हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अन् २०२३ ला तेच २०,००० झाले. कापूस-सोयाबीनवाल्या आमच्या बाजूच्या आमदारांना अशी एकजूट का जमत नाही, यावर माझं मत आहे की आमच्याकडं प्रत्येकजण आपल्या तालुक्याचं महसूल मंडळ ओल्या दुष्काळात बसवायला पळतो, अन् भावाचा मुद्दा मागं पडतो. हमीभाव केंद्राचा, कापूस घेणारी सीसीआयही केंद्राची, हे खरंच आहे, अन् नुसतं त्यावर विचारलं तर प्रश्न केंद्राकडं बोट दाखवून संपतो. पण खरेदी केंद्र कुठं उघडायचं, बाजार समितीत वजनकाट्याची तपासणी, चुकारा किती दिवसांनी, हे पणन खात्याला विचारता येतं, अन् तिथं उत्तर द्यावंच लागतं.

नागपूरचं अधिवेशन आपल्यासाठी वेगळं आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं होतं की सरकार काही काळ नागपूरला येईल अन् दर वर्षी निदान एक अधिवेशन इथं होईल. १९६० पासून ते चालू आहे, मधे कोरोनात २०२० अन् २०२१ ला मुंबईतच झालं. अधिवेशन किती दिवसांचं असावं यावर भांडण चालतंच, चाललंच पाहिजे. पण तुमच्यासारख्यानं त्याचा उपयोग असा करावा: त्या दिवसांत सचिवापासून सगळे नागपूरला असतात. मुंबईला जायचं म्हणजे गाडीचं रिझर्वेशन, राहायची सोय, मंत्रालयाचा पास, पाच-सहा हजार अन् तीन दिवस गेले. नागपूरला सकाळच्या एसटीनं जाऊन रात्री घरी परत येता येतं. आपल्या प्रश्नाचा दिवस असेल तेव्हा गावची दोन माणसं घेऊन जा, आमदाराकडून गॅलरीचा पास घ्या. मंत्र्याचं उत्तर चुकीचं असेल तर चिठ्ठी आत पाठवता येते, आमदार लगेच उपप्रश्न विचारतो. मी असं अनेकदा केलंय.

आमदार सत्ताधारी पक्षाचा असेल तर तो प्रश्न विचारायला कचरतो अशी तक्रार असते. काही कचरतात. पण एका प्रश्नावर अनेक आमदारांच्या सह्या चालतात, शेजारच्या मतदारसंघातला आमदार सही करू शकतो, विधान परिषदेत शिक्षक-पदवीधरांचे, स्थानिक संस्थांचे आमदार असतात त्यांच्याकडूनही तोच प्रश्न जाऊ शकतो. आमच्याच साहेबांनी शेजारच्याचे कितीतरी प्रश्न विचारले, त्याच्याच सांगण्यावरून.

अन् सगळं सभागृहात न्यायचं नसतं. पांदण अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारच रस्ता मोकळा करून देऊ शकतो, धुऱ्यावरून नवीन रस्ता पाहिजे तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पांदणीच्या कामासाठी २०२१ ला मातोश्री पाणंद योजना आली. हे सोडून आमदाराला प्रश्न विचारायला लावलं तर उत्तर येणार, "तहसीलदारांकडे अर्ज प्राप्त नाही." ते उत्तर बरोबरच असतं. आधी खालचा दरवाजा ठोकायचा, पोच घ्यायची, अन् तिथं काही झालं नाही की ती पोच घेऊनच वर जायचं.

आता तुमच्या उपकेंद्राचं. मला जवळपास खात्री वाटते की बिल्डिंग झाली पण पदं मंजूर नाहीत. हे खूप ठिकाणी असं आहे. उपकेंद्र साधारण ५,००० लोकसंख्येला, आदिवासी भागात ३,००० ला, त्या हिशोबात मंजूर होतं, बांधकामाचा पैसा एका वाटेनं येतो अन् आरोग्य सेविकेचं पद निर्माण करायची फाईल वित्त विभागाच्या वाटेनं वेगळीच चालते. म्हणून "उपकेंद्र सुरू करा" असा प्रश्न टाकला तर उत्तर येईल, "पदनिर्मितीची कार्यवाही सुरू आहे," अन् तुम्ही पुन्हा तीन वर्षं बसाल. आधी दहा रुपयांचं तिकीट लावून झेडपीच्या आरोग्य विभागाकडे माहितीचा अधिकार टाका: बिल्डिंग कोणत्या तारखेला ताब्यात घेतली, पदांचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणाकडे पाठवला, जावक नंबर काय. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात लोकसंख्या अन् जवळच्या पीएचसीचं किलोमीटरमधलं अंतर लिहा. घरची सीतादही (कापूस वेचणीची पूजा) आटोपली की हे सगळे कागद घेऊन आमदाराच्या पीएला भेटा, लग्नात-तेरवीत गाठू नका, सकाळी ऑफिसात भेटा, कारण हिवाळी अधिवेशनाचे तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात अन् डिसेंबरात जाऊन काही उपयोग नसतो.

अन् प्रश्न असा लिहून न्या, रिकाम्या जागा तुम्ही भरा:

सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) मौजा अमुक, तालुका अमुक, जिल्हा यवतमाळ येथील आरोग्य उपकेंद्राची इमारत दिनांक अमुक रोजी ताब्यात घेऊनही अद्याप बंद आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या उपकेंद्राच्या पदनिर्मितीचा प्रस्ताव दिनांक अमुक, जावक क्रमांक अमुक अन्वये सादर झाला असून तो सध्या कोणत्या स्तरावर व किती कालावधीपासून प्रलंबित आहे, (३) असल्यास, पदनिर्मिती होईपर्यंत नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्य सेविका आठवड्यातील ठराविक दिवशी येथे उपलब्ध करून देण्याबाबत कोणती कार्यवाही केली आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तिसरा भाग काढू देऊ नका, पीए म्हणेल लांब होतोय, तरी ठेवा. फाईलला वर्ष लागेल, पण आठवड्यातून दोन दिवस सिस्टर येऊन बसणं हे जिल्ह्यातल्याच अधिकाऱ्याच्या हातात असतं, अन् एलएक्यू खाली आला की बऱ्याचदा उत्तर लिहायच्या आधीच तो ती व्यवस्था लावतो, म्हणजे त्याला "कार्यवाही केली आहे" असं लिहिता येतं. कुलूप त्या आठवड्यात उघडतं.